जुनी डबल कॅबिन पिकअप आणि चार प्रमाणं

आजचा विषय एका श्रोत्याच्या पत्रातून आला आहे. सिंदेवाहीकडचं कुटुंब. घरात सहा माणसं, धानाची शेती, आणि मनात एक जुनी डबल कॅबिन पिकअप. पुढे-मागे मिळून पाच माणसं बसतील, हौद्यात धानाचे कट्टे येतील, आणि मागे एखादी छोटी ट्रॉली किंवा पाण्याची टाकी ओढता येईल, असा हिशोब. त्यांनी विचारलं आहे, "सर, तुम्ही ज्ञान कशाला म्हणतात ते शिकवता. मग जुनी गाडी चांगली आहे हे कसं कळतं, ते सांगा."

प्रश्न आम्हाला फार आवडला. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं, आणि प्रमाणशास्त्र म्हणजे हेच: एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशाच्या आधारावर कळलं, याचा तपास. न्यायदर्शनानं चार प्रमाणं मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जुनी गाडी घेताना ही चारही लागतात. पण त्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. आपण जी वस्तू घेतोय तिचं कागदावरचं नाव काय?

आधी नाव, मग गाडी

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत डबल कॅबिनला सरसकट 'कॅम्पर' म्हणतात, कारण महिंद्राची बोलेरो कॅम्पर कोळसा खाणींच्या, सिमेंट कारखान्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या कामावर सर्रास दिसते. तिच्याच जातीच्या टाटाच्या झेनॉन आणि योद्धा. महागड्यांत इसुझूची व्ही-क्रॉस, जी भारतात २०१६ मध्ये आली, आणि टोयोटाची हायलक्स, जी २०२२ मध्ये आली. दिसायला सगळ्यांचा आकार एकच. पुढे चार दारं, मागे उघडा हौदा.

कायद्याला आकार दिसत नाही, त्याला नोंद दिसते. व्ही-क्रॉस आणि हायलक्स सहसा खासगी वाहन म्हणून, पांढऱ्या पाटीवर नोंदलेल्या असतात. कॅम्पर आणि योद्धा सहसा मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर. 'सहसा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. समोर उभ्या असलेल्या गाडीची आरसी हातात घेऊन वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या वाचल्याशिवाय काहीच ठरत नाही.

या नावावर काय अवलंबून आहे? पहिली गोष्ट, फिटनेस. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दुसरी गोष्ट, कर. आपल्या राज्यात पर्यावरण कर मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर लागतो, खासगीला पंधरा वर्षांनंतर. एका बाबतीत मात्र दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो. म्हणजे पिवळ्या पाटीची पिकअप चालवायला घरातल्या माणसाला वेगळा परवाना काढायची गरज नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे. ती म्हणजे विमा.

हौद्यात बसलेल्या माणसाचं काय?

आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बाया पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून बांधीवर जातात. लग्नात अर्धं वऱ्हाड हौद्यातच असतं. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे मजूर असेच जातात. गावात ज्याच्या घरी पिकअप, त्याला कुणी "बाबाजी, एवढं सोडून द्या न" म्हटलं की नाही म्हणता येत नाही. ते बरोबरही दिसत नाही.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. सहज म्हणून बसलेला प्रवासी येत नाही. आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या डिसेंबरात हेच सांगितलं: मालवाहू वाहनातल्या अशा प्रवाशाच्या भरपाईची सक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मग ती कुणावर येते? गाडीच्या मालकावर. काही प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. पीडिताला त्यानं दिलासा मिळतो, मालक मात्र सुटत नाही. लाखोंची भरपाई म्हणजे शेती जाण्याची वेळ.

म्हणजे शेजाऱ्याला फुकट, मायेनं सोडायला नेलं, आणि वळणावर गाडी कलंडली, तर ज्याला दुखापत झाली त्याला काहीच मिळू नये आणि ज्यानं उपकार केला त्याचं वावर जावं, असं होऊ शकतं. दोघंही बुडतात. म्हणून आम्ही सांगतो, या गाडीत कोण कोण बसणार आहे हे घ्यायच्या आधी ठरवा. श्रोत्यांच्या घरात माणसं सहा आहेत. डबल कॅबिनच्या आरसीवर आसनं बहुधा पाच, चालक धरून. सहावं माणूस कुठे बसणार? त्याचं उत्तर 'हौद्यात' असेल, तर ही गाडी त्या कुटुंबाची नाही. सात-आठ आसनांची जुनी प्रवासी गाडी आणि धानासाठी भाड्याची ट्रॉली, हा हिशोब स्वस्त पडेल.

पिवळ्या पाटीचीच घ्यायची ठरली, तर कॅबिनमध्ये बसणाऱ्या घरच्या माणसांचं काय, हे विमा कंपनीकडून लेखी विचारा. भाडं न देणाऱ्या प्रवाशांना संरक्षणात घेणारी जोडकलमं जादा हप्ता भरून मिळतात. ती पॉलिसीवर छापलेली दिसली पाहिजेत. प्रतिनिधीनं फोनवर "होऊन जाईल" म्हणणं म्हणजे कलम नव्हे.

प्रत्यक्ष

आता गाडीकडे जाऊ. चार्वाक प्रत्यक्ष एवढंच प्रमाण मानायचे. जुन्या गाड्यांच्या बाजारात चार्वाकाचे अनुयायी पुष्कळ आहेत. रंग चकचकीत, सीट कव्हर नवे, टायरला काळं पॉलिश, की सौदा पक्का. पण जे आपल्याला दाखवायचं ठरवलेलं आहे तेच दिसत असेल, तर ते प्रत्यक्ष अर्धंच आहे.

म्हणून जिथे सहसा नजर जात नाही तिथे बघायचं. गाडीखाली आडवं पडून चेसिस बघा. या गाड्या शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या असतात. तिला तडा असेल, नव्यानं वेल्डिंग केलेलं असेल, एकाच तुकड्याला ताजा काळा रंग असेल, तर तिथे थांबा. मागचे पाटे, ज्याला आपण कमान म्हणतो, मोजा. दोन्ही बाजूंना सारखेच आहेत का? एखादा जादा पाटा घातलेला असेल तर गाडीनं मर्यादेबाहेर ओझं वाहिलं आहे. हौद्याचा तळ रबरी मॅट उचलून बघा. युरियाच्या पोत्यांनी आणि ओल्या मातीनं तिथला पत्रा आतून खाल्लेला असतो. मागे ट्रॉली ओढायचा आकडा लावलेला असेल, तर त्याच्या बोल्टची भोकं गोल आहेत की लांबट झाली आहेत, ते बघा.

इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर तुमच्या येण्याआधी काहीतरी झाकलं गेलं आहे.

अनुमान

न्यायशास्त्राचं सगळ्यांत जुनं उदाहरण तुम्हाला पाठ असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर दिसला, अग्नी कळला. अनुमान म्हणजे नुसता अंदाज नाही. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, असा पक्का संबंध आधी माहीत असावा लागतो. त्याला व्याप्ती म्हणतात. डिझेल गाडी तपासताना हे उदाहरण जसंच्या तसं वापरता येतं, फक्त धुराचे रंग तीन आहेत.

काळा धूर असेल तर डिझेल पूर्ण जळत नाही. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा इंधनपुरवठ्यात दोष असेल. खर्च बहुधा आटोक्यातला. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बो झिजला आहे, आणि खर्च मोठा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो आणि जातो. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर कूलंट आत शिरत असेल किंवा डिझेल न जळता बाहेर पडत असेल. मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं अनुमान पाण्याचं. वैनगंगेला ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर येऊन रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्यात ऐकतो. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते. ती स्वतः बोलत नाही, पण खुणा बोलतात. सीट ज्या पट्टीवर पुढे-मागे सरकते तिच्या खाचेत बारीक गाळ, सीटच्या बोल्टवर गंज, पट्टा पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर भागावर मातीचा डाग, दिव्यांच्या काचेत आतून वाफ. एक खूण योगायोग असू शकते. तीन एकत्र सापडल्या, तर व्याप्ती सिद्ध झाली समजा.

तिसरं अनुमान खाणीचं, आणि ते खास आपल्या जिल्ह्याचं. खाणीवर किंवा कारखान्यात ठेकेदाराकडे चाललेली गाडी मीटरवर कमी किलोमीटर दाखवते, आणि ते आकडे खरेही असू शकतात. पण ती गाडी तासन् तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभी राहिलेली असते, आणि चालली तेव्हा पहिल्या-दुसऱ्या गिअरात, धुळीत. किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त. हवेच्या गाळणीचा डबा उघडा. कोपऱ्यात काळी, चिकट, कोळशाची भुकटी दिसली, तर मीटरचा आकडा त्या गाडीच्या वयाबद्दल काही सांगत नाही असं धरून चाला. पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची झीज मीटरपेक्षा जास्त प्रामाणिक असते.

उपमान

उपमानाचं जुनं उदाहरण तर जणू आपल्याच मुलखातलं आहे. एका माणसानं गवय कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा त्याला सांगतो, "गवय गाईसारखा असतो." पुढे तो माणूस रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो, आणि त्याला कळतं की हाच तो. ताडोबात पहिल्यांदा रानगवा बघणाऱ्याचं असंच होतं.

पण उपमान करायला आधी गाय नीट माहीत असावी लागते. म्हणून एकच गाडी बघून सौदा करू नका. त्याच मॉडेलच्या, साधारण त्याच वर्षाच्या निदान तीन गाड्या चालवून बघा. रिकाम्या हौद्याची पिकअप खड्ड्यात उडतेच. तिचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेसाठी नव्हे. तीन गाड्या चालवल्या की कोणता धक्का त्या जातीचा आणि कोणता त्या एका गाडीच्या दोषाचा, हे कळायला लागतं. चालवताना मागच्या सीटवर आईला बसवा. मागच्या सीटची पाठ बऱ्याच डबल कॅबिनमध्ये उभी असते. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. दवाखान्यासाठी तो प्रवास करावा लागणारच. त्यांचं मत आमच्या-तुमच्या मतापेक्षा मोलाचं.

गाड्यांच्या जातीचीही तुलना करा. व्ही-क्रॉस किंवा हायलक्स चिखलात आणि लांबच्या रस्त्यावर उजवी. पण तिचा सुटा भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतो का, की नागपूरहून येईपर्यंत गाडी उभी ठेवायची? कॅम्परमध्ये आराम कमी, पण तिचा मेकॅनिक जवळपास सापडतो. धान कापणीच्या हंगामात आठ दिवस उभी राहिलेली चांगली गाडी कामाची नाही.

शब्द

चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? ज्याला विषय माहीत आहे आणि जे माहीत आहे ते खरं सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. दोन्ही अटी लागतात. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, पण सगळं सांगण्यात त्याचा फायदा नसतो. मेव्हण्याची इच्छा असते, पण त्याला माहिती नसते. तुम्ही स्वतः पैसे देऊन नेलेला मेकॅनिक आप्ताच्या सगळ्यांत जवळ जातो. त्याची मजुरी वाचवू नका.

कागदही शब्दच आहेत. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः ताडून बघा. 'एमएच ३४' म्हणजे चंद्रपूर, 'एमएच ३३' म्हणजे गडचिरोली. सिरोंच्याच्या पलीकडून तेलंगणाच्या पाटीची गाडी स्वस्त मिळते. पण तिला तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते नमुना २८ मध्ये मिळतं. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्रात नव्यानं नोंद आणि इथला कर. तो कर किमतीत मिळवून मगच स्वस्त की महाग ते ठरवा. कर्जाची नोंद आरसीवर असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सरकारी लिलावातल्या गाडीचं वय आधी बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनाच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही.

नाव बदलून घेणं, म्हणजे नमुना २९ आणि ३०, हे "नंतर बघू" वर टाकायचं काम नाही. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक, मग गाडी हातोहात कितीही जणांकडे गेलेली असो. म्हणजे नाव न बदलल्यास विकणारा अडकतो. घेणाराही सुटत नाही. तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्यानं गाडीबरोबर येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पॉलिसी तुमच्या नावावर केल्याशिवाय तुम्हाला मिळत नाही. मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तोही नोंदणीतल्या मालकासाठी असतो.

ओढायचं किती?

आता पत्रातला शेवटचा प्रश्न. परदेशी जाहिरातींत अशा पिकअप साडेतीन टन ओढतात असे आकडे दिसतात. तो आकडा स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा असतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी त्याच गाड्यांची मर्यादा तिथे ७५० किलो लिहिलेली असते. आपल्याकडच्या गावठी बनावटीच्या टाकीला किंवा ट्रॉलीला ब्रेक नसतातच. त्या गाडीच्या भारतातल्या मालक-पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा छापलेली नसेल, तर कंपनीनं परवानगी दिलेली नाही असं समजायचं.

साधं गणित करू. समजा आरसीवर एकूण वजन २९५० किलो आणि रिकामं वजन १९५०. उरले १०००. पाच माणसं, प्रत्येकी ६५ धरली तर ३२५. धानाचे ४० किलोचे दहा कट्टे, ४००. उरले २७५. एक टनाच्या दोन चाकी ट्रॉलीचा दांडा आकड्यावर साधारण दहावा हिस्सा टेकतो, म्हणजे १००. तोही गाडीच्याच ओझ्यात धरायचा. हातात उरले १७५. कागदावर जमलं. पण थांबवताना पिकअपच्या चार ब्रेकांना माणसं, धान आणि ट्रॉली मिळून ३६७५ किलो थांबवायचे आहेत. आणि वेग ४० वरून ६० केला की थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. ओल्या रस्त्यावर समोर रानडुक्कर आलं की हे गणित समजतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

शिवाय कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची वेगळी नोंद लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. विनानोंदीची ट्रॉली गावात चालते म्हणतात. चालते, अपघात होईपर्यंत. म्हणून आमचं मत असं, की माणसं असतील त्या दिवशी ट्रॉली नाही, आणि ट्रॉली असेल त्या दिवशी चालक आणि एक मदतनीस. जड ओढायचं काम ट्रॅक्टरला द्या, तो त्यासाठीच जन्माला आला आहे.

पत्र लिहिणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. आधी सहा माणसांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे आसन लिहा. ते जमलं तर आरसी वाचा, मग विमा विचारा, मग गाडी बघायला जा. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात. आधी गाडी आवडते आणि मग कागद तिच्या सोयीनं वाचले जातात. प्रमाणशास्त्रात याला नाव आहे: आधी निष्कर्ष, मग हेतू शोधणं. परीक्षेत त्यानं फक्त गुण जातात. रस्त्यावर चुकलेल्या निष्कर्षाची किंमत मागच्या सीटवर बसलेल्यांना मोजावी लागते, आणि गाडी निवडताना त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.